हरणे शेकडो, वाघ एकच का?

गेल्या डिसेंबरच्या सुटीत आम्ही जबलपूरला माझ्या मामांकडे गेलो होतो. राइट टाउनमधले त्यांचे घर, अंगणातले कोवळे ऊन आणि मामींच्या हातचे जेवण एवढ्यासाठीच खरे तर आम्ही जातो. पण या वेळी माझ्या नऊ वर्षांच्या लेकीने कान्हाच्या जंगलाचा हट्ट धरला होता. जबलपूरहून मंडल्यामार्गे कान्हा साधारण एकशे साठ-सत्तर किलोमीटर. दोन दिवस राहायचे, जीपच्या दोन फेऱ्या करायच्या असा बेत ठरला.

जंगलाने आम्हाला निराश केले नाही. कुरणात चितळांचे कळप होते. लेकीने मोजायला सुरुवात केली आणि दोनशेच्या पुढे नाद सोडला. गवे दिसले, रानडुकरे दिसली, कमरेएवढ्या पिवळ्या गवतात उभे असलेले बारशिंगे दिसले. वाघ मात्र एकच दिसला. तोही दुसऱ्या दिवशी सकाळी, लांबून, रस्ता ओलांडताना. जेमतेम मिनिटभर.

परतल्यावर रात्री जेवताना तिचा प्रश्न आला. "आई, हरणं एवढी शेकड्यांनी आणि वाघ एकच? बाकीचे वाघ कुठे गेले?"

"अगं, वाघ दिसायला नशीब लागतं," माझे यजमान म्हणाले.

मामा बँकेतून निवृत्त झाले त्याला पंधरा वर्षे होऊन गेली, पण रोजचा जमाखर्च वहीत लिहिल्याशिवाय त्यांना अजून झोप येत नाही. वहीतून डोके वर न काढताच ते म्हणाले, "थोडे लपलेलेही असतील. पण खरं सांगू का बेटा, जंगलाला जास्त वाघ परवडतच नाहीत!"

लेक हसली. मला मात्र तो 'परवडत नाहीत' हा शब्द चांगलाच लागला. कारण शाळेत आपण 'अन्नसाखळी' म्हणून जे पाठ केले होते, गवत, हरीण, वाघ आणि मध्ये दोन बाण, त्यातली खरी गोष्ट त्या बाणांत दडलेली आहे. बाण सांगतात कोण कोणाला खातो. एकाकडून दुसऱ्याकडे किती पोहोचते आणि वाटेत किती संपते, ते कोणी सांगत नाही. मामांच्या वहीच्या मदतीने तोच हिशेब आज मांडून पाहू.

कमावते एकच

जंगलाच्या या घरात कमावती व्यक्ती एकच, ती म्हणजे हिरवे पान. बाकी सगळे खाणारे. पान सूर्याचा प्रकाश घेते, हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि मुळांनी ओढलेले पाणी घेते आणि त्यातून साखर बनवते. सूर्याची ऊर्जा त्या साखरेत साठते. गवताची काडी, सालाचे लाकूड, मोहाचे फूल हे सारे त्या साठवणुकीचेच प्रकार.

पण पानाच्या हाती ऊन लागते तरी किती? सूर्याने लाख रुपये पाठवले असे समजा. त्यातले झाडाझुडपांच्या, गवताच्या अंगी लागतात जेमतेम हजार रुपये. म्हणजे शेकडा एक. बाकीचे ऊन परत फिरते, जमीन तापवते, पाण्याची वाफ करते. शिवाय झाडालाही स्वतःचे पोट आहे. जे बनवले त्यातले जवळजवळ निम्मे ते स्वतःच्या जगण्यावर, वाढण्यावर खर्च करते आणि तो खर्च वजा जाऊनच हे हजार उरलेले असतात.

आता चितळ येते. त्या हजारातले चितळाच्या अंगी लागतात शंभर. आणि वाघाने चितळ खाल्ले की वाघाच्या अंगी लागतात दहा. लाखाचे दहा रुपये! दर पायरीवर साधारण दहावा हिस्सा पुढे सरकतो, नऊ हिस्से मागे राहतात.

हे नऊ हिस्से जातात कुठे? मामांनी लेकीला विचारले, "तू आज सकाळी पोहे खाल्लेस ना? मग त्या पोह्यांएवढं तुझं वजन वाढलं का?" नाही वाढले. ती खेळली, धावली, रडली, झोपेतही तिचा श्वास चालू होता, अंग गरम होते. या सगळ्याला पोहे लागले. चितळाचेही तसेच आहे. मुळात कुरणातले सगळे गवत ते खात नाही. जे खाते त्यातले बरेचसे पचत नाही, लेंड्यांवाटे बाहेर पडते. जे पचते त्यातले बहुतेक पळण्यात, थंडीच्या रात्री अंग ऊबदार ठेवण्यात, धडकी भरून कान टवकारण्यात जळून जाते. मांस म्हणून जे शिल्लक राहते तेवढेच वाघाला मिळते. चितळ काल जे पळाले ते वाघाला खाता येत नाही.

आणि जळून गेलेले परत येत नाही. शेणाचे खत होते, हाडांतला चुना मातीत मिसळतो, पाणी ढगातून परत येते. वस्तू फिरून फिरून वापरता येतात. ऊर्जा मात्र एकदा उष्णता होऊन हवेत गेली की गेली. म्हणून सूर्याला रोज नव्याने यावेच लागते.

एका तळ्याचा हिशेब

हा जमाखर्च पहिल्यांदा नीट मांडला तो रेमंड लिंडेमन या अमेरिकन तरुणाने. मिनेसोटा राज्यातल्या सीडर बॉग नावाच्या एका लहानशा, उथळ तळ्यावर त्याने काही वर्षे काढली. पत्नी एलिनोर मदतीला होती. तळ्यातले शेवाळ, पाणवनस्पती, किडे, मासे, तळाचा गाळ सगळे गोळा करायचे, मोजायचे आणि कोणाकडे किती ऊर्जा साठली आहे ते काढायचे. कोण कोणाला खातो यापेक्षा किती ऊर्जा पुढे जाते हे मोजा, हा त्याचा आग्रह.

त्याचा निबंध आधी नाकारला गेला. तपासणाऱ्यांना तो फारच तात्त्विक वाटला. त्याचे मार्गदर्शक हचिन्सन यांनी रदबदली केल्यावर तो स्वीकारला गेला. पण छापून आलेला पाहणे लिंडेमनच्या नशिबी नव्हते. यकृताच्या आजाराने १९४२च्या जूनमध्ये तो गेला, तेव्हा वयाची सत्तावीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती. निबंध त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये प्रसिद्ध झाला आणि आज जगभरच्या पाठ्यपुस्तकांत तो आहे. 'दहा टक्क्यांचा नियम' म्हणतात तो या कामातून पुढे आलेला. आकडा ढोबळ आहे, कुठे कमी तर कुठे जास्त. पण गळती प्रत्येक पायरीवर आहे, ही गोष्ट पक्की.

कान्हातला पाहुणा

अमेरिकेतल्या तळ्याचे राहू द्या, आपल्या कान्हात काय दिसते? १९६३ मध्ये जॉर्ज शॅलर नावाचा तरुण प्राणिशास्त्रज्ञ कान्हात येऊन राहिला. वर्षाहून अधिक काळ त्याने हरणे आणि वाघ यांच्यामागे पायपीट केली. त्या काळी वाघाची ओळख बंदुकीच्या टोकावरून व्हायची. शॅलरने ती दुर्बिणीतून आणि वहीतून करून दिली. रात्र रात्र जागून वाघाचे जेवण पाहिले, वाघाच्या विष्ठेतले केस तपासून त्याने काय खाल्ले ते ठरवले. त्यात सर्वांत जास्त केस चितळाचे निघाले. 'द डिअर अँड द टायगर' हे त्याचे पुस्तक १९६७ मध्ये आले आणि वाघाच्या शास्त्रीय अभ्यासाचा पाया तिथे घातला गेला.

त्यानंतरच्या अभ्यासांतून जो हिशेब पुढे आला तो मामांसारख्या बँकवाल्याला चटकन कळेल असाच आहे. एका वाघाला वर्षाकाठी चितळाएवढी साधारण पन्नास जनावरे लागतात. म्हणजे आठवड्याला एक. आता कळपातली पन्नास दरवर्षी उचलली तरी कळप तेवढाच राहायला हवा, तर कळप केवढा पाहिजे? सुमारे पाचशेचा.

"म्हणजे पाचशे हे मुद्दल आणि पन्नास हे व्याज!" मामा खूश होऊन म्हणाले. "वाघ व्याजावर जगतो."

अगदी बरोबर. कान्हात आज शंभराच्या आसपास वाघ आहेत असे धरले, तर त्यांच्या मागे पन्नास हजार चितळांच्या तोडीचे मुद्दल उभे असावे लागते. मग त्यात चितळ, सांबर, गवा, रानडुक्कर सगळे आले. आमच्या लेकीने दोनशे मोजून सोडली ती हरणे एका वाघालाही पुरी पडली नसती! एवढ्या हरणांना गवत किती लागेल याचा अंदाज तुम्हीच करा.

म्हणून जंगलात फासे लावून हरणे पळवणारा माणूस वाघाला हातही न लावता वाघ मारतो. तो मुद्दलालाच हात घालत असतो.

सांडलेलेही वाया जात नाही

खर्च झालेली ऊर्जा परत येत नाही हे खरे. पण सांडलेली, टाकलेली, मेलेली वस्तू कोणाच्या ना कोणाच्या उपयोगी पडते. कान्हात आम्ही एक गंमत पाहिली. झाडावर वानरांची टोळी जेवत होती आणि खाली चितळे जमली होती. वानर मोठे उधळे. अर्धे पान खायचे, अर्धे टाकायचे, फांदीच मोडायची. खाली चितळांची पंगत. वर वानरांचे पहाऱ्याचे डोळे असतात, वाघ दिसला की ती खाकरतात, हा चितळांचा दुसरा फायदा.

जंगलातली बहुतेक पाने, काड्या तर हरणाच्या तोंडी जातच नाहीत. ती गळतात, कुजतात. त्यांच्यावर बुरशी, वाळवी, गांडुळे, सूक्ष्म जंतू यांची एक दुसरीच मोठी खानावळ चालते. त्या वाळवीवर अस्वल जगते. सालाच्या मुळांशी काही बुरश्या सोयरीक जमवतात. त्या झाडाला मातीतली खनिजे मिळवून देतात आणि बदल्यात झाडाची साखर घेतात. पावसाळ्याच्या तोंडी मंडला-डिंडोरीकडे 'पुटू' म्हणून जी गोल आळंबी येते ती यातलीच. मामी ती मसाला घालून मटणासारखी करतात. त्या वाटीतही कान्हाकडचे ऊनच असते, सालाच्या मुळांवाटे आलेले.

भुंग्याची काटकसर

जबलपूरहून मंडल्याच्या रस्त्याला लागले की उष्णकटिबंधीय वन संशोधन संस्था लागते. १९८८ मध्ये ती स्थापन झाली. पुढे दहा वर्षांच्या आतच या भागातल्या सालवनांवर एक मोठे संकट आले. 'साल बोरर' हा सालाचे खोड पोखरणारा भुंगा. पहिल्या पावसाबरोबर हे भुंगे बाहेर पडतात, सालीत अंडी घालतात आणि अळ्या झाडाचा गाभा पोखरत राहतात. १९९६ ते १९९८ या काळात मंडला-डिंडोरी भागात त्यांनी लाखो झाडांना ग्रासले.

यातही ऊर्जेचाच हिशेब आहे. आपण, हरीण, वाघ सगळे गरम रक्ताचे. खाल्लेल्यातले बहुतेक सगळे अंग गरम ठेवण्यात जाते. किड्याला हा खर्च नाही. त्यामुळे त्याने पचवलेल्यातला बराच मोठा हिस्सा थेट त्याच्या अंगी लागतो, म्हणूनच किडे बघता बघता वाढतात. उलट बाजूला झाडाचीही शिल्लक असते. धडधाकट साल झाड अळी शिरली की राळ सोडते आणि अळीला त्यात बुडवून मारते. पण राळ बनवायला साखर लागते. झाड म्हातारे, दुबळे असेल किंवा एकदम शेकडो अळ्या चालून आल्या तर शिल्लक संपते आणि झाड हरते.

भुंगे पकडण्याची युक्तीही मजेदार. सालाचे ताजे ओंडके तोडून, साल ठेचून रानात ठेवायचे. रसाच्या वासाने भुंगे लांबून येतात, रस पिऊन सुस्त पडतात आणि गावकरी ते वेचून घेतात. वेचणाऱ्यांना भुंग्यांच्या संख्येप्रमाणे मजुरी मिळायची. रोग एवढा मोठा आणि इलाज हाताने वेचण्याचा!

सहासष्ट बारशिंगे

आता मूळ मुद्द्यावर येऊ. हिशेब सगळा गवतापाशी येऊन थांबतो, याचा कान्हातला सर्वांत मोठा पुरावा म्हणजे बारशिंगा. चितळ गवत नसले तर पाला, फळे यांवर निभावून नेते. बारशिंग्याचे तसे नाही. तो जवळजवळ संपूर्णपणे गवतावर जगतो. त्यातून कान्हाचा बारशिंगा हा कडक जमिनीवर राहणारा, त्याच्या खुरांची ठेवणही तशीच. मध्य भारतातली इतर ठिकाणे हातची गेली आणि १९७० मध्ये कान्हात उरले अवघे सहासष्ट. शिकार हे एक कारण होतेच. पण कुरणांत गुरे चरत होती, गवत पेटवले जात होते आणि पाडसे लपवायला उंच गवतच राहिले नव्हते.

मग काय केले? गवत परत आणले. आगी आवरल्या, पाणवठे केले, काही बारशिंग्यांना वाघापासून सुरक्षित अशा कुंपणात ठेवून त्यांची वीण वाढवली. उद्यानाच्या आतली गावे बाहेर हलवली. त्या गावांची शेते, गायराने हळूहळू कुरणे झाली. आज सौंफच्या ज्या मैदानात पर्यटक कॅमेरे सरसावतात तिथे एके काळी गाव होते. आता बारशिंगे हजाराच्या घरात पोहोचले आहेत. २०१५ पासून काही सातपुड्याच्या जंगलात आणि २०२३ मध्ये बांधवगडला नेऊन सोडले गेले. सगळी शिल्लक एकाच खात्यात ठेवू नये, हेही बँकवाल्याला पटेल.

पण हे गवत फुकट आलेले नाही. त्याची किंमत बैगा आणि गोंड कुटुंबांनी मोजली. त्यांचे घर गेले, देवाची जागा गेली, मध, कंद, मोहाची फुले गोळा करण्याचा हक्क गेला. चितळाच्या तोंडचे जे गवत आपण वाचवले म्हणतो, ते त्यांच्या गाईच्याही तोंडचे होते. कुरण एकच आणि ऊन ठरलेले. तेव्हा एकाला वाढवले की दुसऱ्याचे कमी होणारच. वाघ बघून आनंदाने परतणाऱ्या आपल्यासारख्यांनी एवढे तरी लक्षात ठेवायला हवे.

कुलूपबंद तिजोरी

कान्हाला आज एक वेगळी काळजी आहे, तिचे नाव घाणेरी. कुंपणाला लावतात तीच ही रंगीत फुलांची टणटणी. मूळची परदेशी. फुले छान, पण हरीण तिला तोंड लावत नाही. ऊन ती गवताएवढेच घेते, पण घेतलेले पुढे कोणाला देत नाही. मामांच्या भाषेत, पैसे तिजोरीत आहेत पण तिजोरीला किल्लीच नाही! लांबून बघणाऱ्याला जंगल हिरवेगार दिसते आणि आत हरणांच्या पोटाला काही नसते. म्हणून वनखाते ती मुळासकट उपटते आणि तिथे स्थानिक गवते लावते.

या कामात आपल्या विदर्भाचाही हात आहे. अमरावती जिल्ह्यातले गवततज्ज्ञ डॉ. गजानन मुरतकर यांनी मेळघाटात आणि मध्य प्रदेशातल्या व्याघ्र प्रकल्पांत कुरणे उभी करायला मार्गदर्शन केले आहे. कोणते गवत गोड, कोणते लवकर कोरडे होते, कोणत्याचे बी कधी गोळा करायचे याचा हा अभ्यास. वाघाच्या फोटोखाली गवताचे नाव कधी छापून येत नाही, एवढेच.

मुंबईला परतायच्या आदल्या संध्याकाळी लेकीने शाळेसाठी जंगलाचे चित्र काढले. हिरवा खडू घासून घासून संपवला, कागदाचा बहुतेक भाग गवतच. मध्ये ठिपक्यांची हरणे. वरच्या कोपऱ्यात चिमुकला वाघ. "वाघ फारच छोटा झाला गं," मामी म्हणाल्या. तिने मामांकडे पाहिले. मामांनी चश्मा वर करून चित्र नीट न्याहाळले आणि म्हणाले, "थोडा अजून छोटा चालला असता."

वाचकहो, तुम्हीही कान्हाला, ताडोबाला, पेंचला जाल. वाघ दिसो न दिसो, जीपवाल्याला सांगून एखाद्या कुरणापाशी दोन मिनिटे थांबा. सगळी कमाई तिथे चाललेली असते.